आमची वाटचाल : मसुरी, पायी आणि थंडीत

ठाण्यातल्या दोन खोल्यांच्या घरातून मी आणि बायकोनं सहलींचा व्यवसाय सुरू केला, तेव्हा आमचा मसुरीचा दिवस इतरांसारखाच असायचा. केम्प्टी धबधबा, गन हिलचा रोपवे, मॉल रोडवर खरेदी, रात्री गरम पिठलं-भाकरी. मंडळी खूश, आम्हीही खूश.

एका जानेवारीत ठरवलेली गाडी आलीच नाही आणि गाडीवाल्याचा फोन बंद. चौदा माणसं कानटोप्या घालून हॉटेलच्या दारात उभी. मला घाम फुटला होता. बायको म्हणाली, "अहो, चालतच जाऊ या की वर लंढौरला. घाई कुणाला आहे?" लंढौर म्हणजे मसुरीला लागूनच डोंगरावर असलेली जुनी लष्करी वस्ती. आज आम्ही हिवाळ्यात जो एकच कार्यक्रम चालवतो, तो असा ठरला.

वाट अजून तीच आहे. घंटाघरापासून लंढौर बाजाराची चढण सुरू होते. सकाळी ऊन रस्त्याच्या एकाच बाजूला उतरतं आणि दुकानदार खुर्च्या घेऊन त्याच बाजूला बसतात. पुढे मलिंगार येतं. कंपनी सरकारच्या फौजेतल्या कॅप्टन यंगनं 1825 च्या सुमारास इथे घर बांधलं, आणि नंतर आजारी गोऱ्या सैनिकांना बरं होण्यासाठी या डोंगरावर पाठवू लागले. लंढौर वसलं ते असं.

त्या पहिल्या दिवशी मलिंगारच्या वर एक पहाडी भाऊ ओरडून म्हणाले, "संभलकर, पाला गिरा है!" डोंबिवलीच्या काकू रस्त्यावर पानं शोधू लागल्या आणि घसरल्या. तिकडे पाला म्हणजे गोठलेलं दव. सावलीतल्या वळणावर काचेसारखा पातळ थर असतो, डोळ्यांना नुसता ओला रस्ता वाटतो. सुदैवानं काकूंना फक्त कोपराला खरचटलं, पण मला रात्रभर झोप नव्हती. तेव्हापासून निघण्याआधी प्रत्येकाला ऑफिसात बूट घेऊन बोलावतो आणि तळवे स्वतः उलटे करून बघतो. गुळगुळीत तळव्याला आमच्याकडे परवानगी नाही.

चार दुकान या छोट्याशा चौकात पोचलं की बन-ऑम्लेट आणि आलं-लिंबू-मधाचा चहा. शेजारीच 1840 चं सेंट पॉल चर्च. आतल्या बाकांना खाचा आहेत. 1857 नंतर सैनिक प्रार्थनेलाही बंदुका घेऊन येत, त्या टेकवायला. त्या खाचेत बोट फिरवलं की इतिहासाचं वेगळं भाषण लागत नाही. मी तिथे गप्प राहायला शिकलोय.

मग 'चक्कर', म्हणजे देवदारांतून फिरणारा जवळजवळ सपाट रस्ता. हिवाळ्यात हवा स्वच्छ असेल तर लाल टिब्बा या उंच जागेवरून बंदरपूंछ, स्वर्गारोहिणी ही हिमशिखरं अशी दिसतात की मंडळी फोन काढायचंही विसरतात. सिस्टर्स बाजारात जॅम आणि पीनट बटर घेतात. केलॉग चर्चपाशी आम्ही सांगतो की इथल्या भाषाशाळेत परदेशी पाद्री हिंदी शिकायचे. स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांच्या आईवडिलांना मात्र आयएएस अकादमीचं फाटकच बघायचं असतं. ते दुसऱ्या दिवशी दाखवतो. बाहेरूनच, पण त्यांचे हात आपोआप जोडले जातात.

संध्याकाळी उतरून मॉल रोडवरून गांधी चौकाकडे. ऑक्टोबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंत पश्चिमेला विंटर लाइन दिसते. मैदानावरची धूळ-धूर वरच्या उबदार हवेच्या थराखाली अडकतात आणि खऱ्या क्षितिजाच्या वर दुसरं क्षितिज उमटतं. सूर्य त्या रेघेमागे बुडतो, आणि नंतर रेघ पिवळी, केशरी, जांभळट होत जाते. केम्प्टीच्या घाईत आम्ही इतकी वर्षं ही वेळ गाडीत घालवली, याचं मला आजही वाईट वाटतं.

त्या पहिल्या संध्याकाळी काकू कोपराला रुमाल बांधून कठड्यापाशी उभ्या होत्या. पूर्ण अंधार पडला तरी हलेनात. मी "चला आता" म्हणालो, तर त्या म्हणाल्या, "उद्या पण इथेच येऊ या का रे?"

दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ आम्ही अजूनही कोरी ठेवतो.