बाबांचा आवाज वाढवताना

बाबांच्या नोकरीतल्या आठवणी एकदा त्यांच्याच तोंडून नोंदवून ठेवायच्या, हे बरेच दिवस मनात होतं. एका सकाळी त्यांना खुर्चीत बसवलं, मोबाइल स्टँडवर लावला आणि ते सलग ४१ मिनिटं बोलले. मागचं पुस्तकांचं कपाटही दिसावं म्हणून स्टँड चांगला दहा फूट लांब ठेवला होता. चित्र झकास आलं. आवाज मात्र भिंतीपलीकडून आल्यासारखा.

अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो, हे मला नंतर कळलं. शर्टाला साधा कॉलर माइक लावला असता तर पुढचे चार दिवस वाचले असते.

आधी व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये आवाजाची पट्टी १०० च्या पुढे १२५ टक्क्यांपर्यंत ओढून पाहिली. थोडं बरं वाटलं, पण तो वाढतो फक्त आपल्यापुरता. फाइल होती तशीच राहते. ती मावशीला पाठवली, तर तिचा लगेच फोन, "अगं, नुसते ओठ हलतायत."

मग ऑडॅसिटी हा आवाज संपादित करायचा प्रोग्रॅम उतरवून घेतला. एफएफएमपेग या आवाज-व्हिडिओवर काम करणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रॅमने व्हिडिओतला आवाज वेगळा काढला, त्याची वेव्ह फाइल केली, ऑडॅसिटीत उघडली आणि 'नॉर्मलाइझ' दाबलं. आवाज बारीक असला की सगळीकडे हाच उपाय सांगतात. ऐकलं तर काही फरक नाही. पुन्हा केलं, पुन्हा तेच. माझंच काहीतरी चुकतंय असं समजून अख्खी संध्याकाळ घालवली.

शेवटी एफएफएमपेगमधलं 'व्हॉल्यूमडिटेक्ट' नावाचं फिल्टर चालवलं. ते आवाज बदलत नाही, नुसता मोजतं. सरासरी निघाली उणे ३९.६ डेसिबल आणि कमाल उणे ०.४. इथे डोक्यात प्रकाश पडला. डिजिटल आवाजात शून्य म्हणजे छत, त्याच्या वर जागाच नाही. नॉर्मलाइझ फक्त सगळ्यात उंच टोक बघतं आणि ते ठरलेल्या पातळीला आणून ठेवतं. ऑडॅसिटीत ती पातळी मुळात उणे १ असते. माझं टोक आधीच त्याच्या वर होतं, म्हणजे त्या बिचाऱ्या प्रोग्रॅमने बाबांचा आवाज अर्ध्या-पाऊण डेसिबलने कमीच केला होता!

पण इतकं मोठं ओरडलं कोण? लाटांचं चित्र मोठं करून पाहिलं. ४१ मिनिटं दोऱ्यासारखी बारीक रेघ आणि त्यात तीन खिळे ठोकल्यासारखे उभे. पहिला अगदी सुरुवातीचा, रेकॉर्डिंग चालू करताना माझंच बोट मोबाइलवर आपटलं तो. दुसरा सतराव्या मिनिटाला, वाऱ्याने दार आपटलं तेव्हाचा. तिसरं माझं हसू, कारण मी मोबाइलच्या अगदी मागे उभी होते. बाबांचा आवाज या तिघांनी दाबून धरला होता.

मोह झाला म्हणून एकदा ऑडॅसिटीच्या आवाज चढवायच्या 'अॅम्प्लिफाय'मध्ये क्लिपिंग चालेल अशी खूण करून सरसकट २० डेसिबल चढवून पाहिले. बाबा ऐकू आले, पण दार आपटलं तिथे कानठळी बसली आणि माझं हसू पत्रा फाटल्यासारखं वाजलं. क्लिपिंग म्हणजे हेच, छताला आपटलेल्या लाटेचा माथा कापला जातो आणि एकदा तशी फाइल सेव्ह झाली की तो परत येत नाही. म्हणून मूळ फाइलला हात लावायचा नाही, हा नियम मी तेव्हापासून पाळते.

मग तिन्ही खिळे एकेक निवडून 'अॅम्प्लिफाय'मध्येच उणे आकडा देऊन खाली बसवले. पुन्हा मोजलं, कमाल आली उणे १८. आता १७ डेसिबल वाढवायला जागा होती, म्हणजे लाटेची उंची जवळजवळ सातपट.

पण बाबांसोबत मागे चालू असलेल्या पंख्याची घरघरही तेवढीच वाढणार होती. म्हणून आधी ते बोलायचे थांबले होते तिथला दोन सेकंदांचा तुकडा गोंगाटाचा नमुना म्हणून दिला आणि गोंगाट कमी करणारं नॉइज रिडक्शन लावलं. २४ डेसिबल ठेवल्यावर बाबा पाण्याखालून बोलू लागले. ८ वर आणलं, तेव्हा पंखा थोडा राहिला पण माणूस माणसासारखा वाटला. मला विचाराल तर थोडी घरघर परवडते. मग ते १७ डेसिबल चढवले.

एफएफएमपेगचं 'लाउडनॉर्म'ही करून पाहिलं होतं. ते टोकाऐवजी कानाला जाणवणारी पातळी बघतं, युरोपच्या प्रसारण संघटनेच्या आर-१२८ मानकाप्रमाणे. पण एकाच फेरीत चालवलं तर ते जागोजागी आवाज वरखाली करतं, त्यामुळे बाबा श्वास घ्यायला थांबले की पंखा फुगायचा. शिवाय सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे तो आकडा, भलताच वाढला, तो ४८००० असा वेगळा सांगावा लागतो. आधी मोजून मग लावण्याच्या दोन फेऱ्या केल्या तर ते बरंच गुणी आहे, पण तोवर माझं काम झालं होतं.

निदान मला तसं वाटलं होतं. तयार आवाज व्हिडिओला परत जोडला. चित्र पुन्हा एन्कोड न करता नुसतं कॉपी करायला सांगितलं की दर्जाही उतरत नाही आणि मिनिटभरात काम होतं. पण सतराव्या मिनिटानंतर बाबांचे ओठ मागे आणि शब्द पुढे! दाराच्या आवाजानंतर मी खोकले होते, तो खोकल्याचा आवाज सफाईच्या भरात डिलीट केला होता. अर्धं सेकंद कापलं गेलं आणि पुढचं सगळं तेवढं अलीकडे सरकलं. तिथे कापायचं नसतं, 'सायलेन्स' करायचं असतं. अन्डू करत मागे गेले आणि तिथून पुढचं सगळं पुन्हा केलं.

रविवारी बाबांना दाखवलं. पाच मिनिटं बघून म्हणाले, "अगं, जरा आवाज कमी कर. केवढ्यांदा बोलतोय मी!"