राणीमुंगीचं भांडवल

टी.वाय.ला डायनॅमिकल सिस्टिम्स, म्हणजे काळाबरोबर बदलणाऱ्या गोष्टींचं गणित, शिकवताना पुस्तकातले ससे-कोल्हे मी बाजूला ठेवते आणि अमेरिका खंडातल्या पानं कापणाऱ्या मुंग्या फळ्यावर आणते. पानांचा लगदा करून त्या जमिनीखाली बुरशी पिकवतात. अळ्या त्याच बुरशीवर वाढतात.

वर्गाचा पहिला अंदाज ठरलेला: दोघं एकमेकांच्या मदतीला आहेत, म्हणजे दोघं वाढतच जाणार. गणितज्ञ युन कांग आणि सहकाऱ्यांचं या मुंग्यांवरचं २०११चं मॉडेल वेगळं सांगतं. बुरशीला दोन कामं लागतात, पानं आणणं आणि बाग राखणं. एक थांबलं की दुसरं फुकट. म्हणून दोन्हीकडच्या मुंग्यांचा गुणाकार येतो आणि सुरुवातीला मशागत मुंग्यांच्या संख्येच्या वर्गाप्रमाणे वाढते. खाणं मात्र सरळ प्रमाणात. मुंग्या दुप्पट झाल्या की खाणं दुप्पट, मशागत चौपट; पुढे हा वेग मंदावतो. आता उलट जा. मुंग्या निम्म्या, तर खाणं निम्मं, मशागत पाव! एका उंबरठ्याच्या खाली गेलात की बाग खाऊन संपते आणि मागोमाग मुंग्याही.

मग नवी वसाहत उभी राहतेच कशी? सुरुवात तर एकट्या राणीपासून होते. मला हा प्रश्न सगळ्या धड्यात सर्वांत मोलाचा वाटतो.

उत्तर राणीच्या अंगात आहे. अट्टा या पानं कापणाऱ्या मुंग्यांची राणी मिलनासाठी उडते तेव्हा तोंडातल्या छोट्या कप्प्यात बुरशीचा कण घेऊन निघते. मग पंख टाकून बिळात कोंडून घेते. ती बुरशी खात नाही. साठवलेली चरबी आणि उडण्याचे स्नायू जिरवून जगते, बुरशीला स्वतःच्या विष्ठेचं खत घालते, पहिल्या अळ्यांना स्वतःची अंडी भरवते. म्हणजे समीकरणातलं खाण्याचं पद ती सुरुवातीला जवळजवळ पुसूनच टाकते.

पुण्यात या मुंग्या नाहीत. पण वेताळ टेकडीवर चालताना जी वारुळं दिसतात, तिथली वाळवी हीच शेती करते, टर्मिटोमायसिस बुरशीची. पावसाळ्यात वारुळावर येणारी अळंबी याच बुरशीची. ओडोंटोटर्मिस वाळवीच्या नव्या राजा-राणीजवळ मात्र सहसा बुरशी नसते. पहिल्या कामकऱ्यांना तिचे बीजाणू बाहेरून आणावे लागतात. कांग यांच्या समीकरणात बुरशी शून्य असेल तर ती शून्यच राहते, तेव्हा वाळवीसाठी बाहेरून येणारं एक नवं पद जोडावं लागेल. मुलांना ते पद म्हणजे एक स्थिरांक हवाय. मी म्हणते, पावसाबरोबर बदलणारं फलन घ्या, अळंबी काही जानेवारीत उगवत नाही.