चेंडूला कुठे भाषा कळते?

फुटबॉल शिकायला परदेशातून आलेल्या पोरांना मी इंग्रजी शिकवते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "खेळायला आलेल्यांना इंग्रजी कशाला? चेंडूला कुठे भाषा कळते?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

चेंडूला नाही कळत, खरंय. पण ज्याच्या पायात चेंडू येतो त्याला पाठीमागचं दिसत नाही, ते सोबत्यानं ओरडून सांगावं लागतं. 'मॅन ऑन' म्हणजे मागून कुणीतरी अंगावर येतोय. 'टाइम' म्हणजे जवळपास कुणी नाही, वळ निवांत. ऐकून मनात अर्थ लावत बसलं तर तोवर चेंडू गेलेला असतो. म्हणून सुरुवातीला मी वही उघडूच देत नाही. मुलाला पाठमोरं उभं करायचं, पास द्यायचा आणि चेंडू पोचता पोचता दोनांतली एक हाक मारायची. वळायचं की एका टचमध्ये परत द्यायचा, हे कानानं ठरवायचं. सगळ्यांत जास्त बोलावं लागतं गोलकीपरला. 'कीपर्स' म्हणजे मी घेतो, 'अवे' म्हणजे तू लांब मार. लाजाळू गोलकीपर आला की आधी त्याचा आवाज बाहेर काढणं, हाच माझा अभ्यासक्रम.

भाषेवाचून मैदानावर काय गोंधळ होतो ते १९६६च्या विश्वचषकात दिसलं. इंग्लंडविरुद्धच्या सामन्यात जर्मन पंचांनी अर्जेंटिनाचा कर्णधार रात्तीनला बाहेर काढलं. दोघांनाही एकमेकांची भाषा येईना, तो दुभाषा मागत मैदानावरच थांबला. त्या स्पर्धेत पंचांचं काम पाहणाऱ्या केन अॅस्टन यांना पुढे सिग्नलच्या दिव्यांवरून पिवळ्या-लाल कार्डांची कल्पना सुचली आणि १९७०च्या विश्वचषकात ती कार्डं आली.

व्याकरणही होतं, पण उशिरा. सामन्याचा व्हिडिओ थांबवून 'इथे त्याला काय करता आलं असतं?' विचारलं, की पुस्तकात जांभया आणणाऱ्या त्याच वाक्यरचनेवर वर्गात हमरीतुमरी होते. दुसऱ्याची चूक दाखवायची म्हटल्यावर भाषा बरी सुचते!

मला विचाराल तर इंग्रजीची खरी गरज फिजिओसमोर. संघातली जागा जाईल म्हणून पोरं दुखणं लपवतात. शब्द नसले तर 'ओके, ओके' म्हणून आणखीच सहज सुटतात. टोचतंय की ठणकतंय, धावतानाच की बसल्यावरही, मांडीत मागून की जांघेत, हे मी अक्षरशः घोटून घेते. डोक्याला मार बसला तर 'मॅडॉक्स प्रश्न' विचारतात: आपण कुठल्या मैदानावर आहोत, कितवा हाफ चाललाय, शेवटचा गोल कुणी केला, मागचा सामना कुणाशी होता, तो जिंकलो का. उत्तर चुकलं की खेळाडू बाहेर. बरोबर आलं तरी मेंदूला धक्का बसलेला नाही अशी खात्री देता येत नाही. त्यातून मूल नुसतं गप्प राहिलं, तर ते माराने की प्रश्नच न कळल्याने, हे बाजूला उभ्या माणसानं कसं ओळखायचं? शंका आली की बाहेर काढायचंच, त्यात तडजोड नाही. पण निदान प्रश्न तरी कळलेला असावा. म्हणून दर तासाला हे पाचही प्रश्न होतात. पोरं वैतागतात, 'परत तेच?' म्हणतात. मी क्रम बदलून पुन्हा विचारते.