बॅग तोलायचा काटा आणि पाच शॉटगन

मंडळी, मागच्या वेळी म्हटलं होतं ना की ऑटो-५ या ब्राउनिंगच्या जुन्या सेमी-ऑटो शॉटगनची वजनं एकदा नीट करून टाकतो, तर तो उद्योग अखेर झाला, म्हणजे ऐंशी टक्के झाला. तीन शनिवार गेले. बायको म्हणते बॅगा भरायच्या नाहीत तर बॅग तोलायचा काटा का काढलाय. आता आपल्यासारख्या दर दोन वर्षांनी २३ किलोच्या दोन बॅगा घेऊन मुंबईला उतरणाऱ्यांच्या घरात दुसरा कुठला काटा असणार, तोच वापरला.

पहिला शनिवार वायाच गेला म्हणा. सगळ्या बंदुका दोनदोनदा चेक केल्या, चेंबर (नळीत काडतूस बसायची जागा) रिकामं, मॅगझिन (जादा काडतुसांची ट्यूब) रिकामं, मग ट्रिगर गार्डच्या पुढे कापडी पट्टा बांधून लटकवल्या आणि आकडे लिहून काढले. संध्याकाळी सहज पाच पौंडांची साखरेची न फोडलेली पिशवी लटकवली तर काटा २.३१ दाखवतोय, पाहिजे २.२७! म्हणजे चाळीसेक ग्रॅम जास्तच. सगळं खोडलं, नवीन काटा घेतला, तो साखरेवर आणि पाण्याच्या मोजलेल्या बाटल्यांवर तपासला आणि पुढच्या आठवड्यात परत पहिल्यापासून. खाली जे आकडे आहेत ते या दुसऱ्या फेरीचे.

ज्यांना ही बंदूक माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जॉन ब्राउनिंगने ही डिझाईन केली, १९०० ला पेटंट मिळालं, रॉयल्टीवरून विंचेस्टर या बंदूक कंपनीशी वाजलं, मग रेमिंग्टन या दुसऱ्या कंपनीकडे गेला तर तिथे बोलणी व्हायच्या आधीच त्यांचे प्रमुख मार्सेलस हार्टली जानेवारी १९०२ मध्ये हार्ट अटॅकने गेले, आणि हा पठ्ठ्या नमुना घेऊन थेट बेल्जियमला एफएन या बंदूक कारखान्याकडे. नंतर रेमिंग्टननेही लायसन्सवर १९०५ पासून काढलीच, तीच पुढे मॉडेल ११ म्हणून ओळखली गेली. मी युटामध्ये राहतो, ऑग्डेनचं ब्राउनिंग म्युझियम तासाभराच्या अंतरावर, त्यामुळे हे वेड कुठून लागलं ते वेगळं सांगायला नको. आमच्या आजोबांकडे कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची बारा बोअरची दुनळी होती, रानडुकरांसाठी, तिला हात लावला तर पाठीत धपाटा बसायचा, त्याचाही वाटा असेल.

आता आकडे, पहिल्या तिन्ही ऑटो-५ च. स्टँडर्ड ट्वेल्व्ह (बारा बोअर), ३० इंची साधी नळी, रिब (नळीवरची नेम धरायची पट्टी) नाही: ३.७७ किलो, म्हणजे ८ पौंड ५ औंस. लाइट ट्वेल्व्ह (तीही बारा बोअर), २८ इंची व्हेंट रिब (खाली फटी असलेली रिब): ३.३५. स्वीट सिक्स्टीन (सोळा बोअर, म्हणजे बारापेक्षा बारीक नळी), तीही २८ इंची व्हेंट रिब: ३.१२. रेमिंग्टन मॉडेल ११ बारा बोअर, साधी नळी: ३.५७. आणि मित्राकडून दोन दिवसांसाठी आणलेली फ्रँकी ४८ एएल, बारा बोअर २६ इंची: २.८९. फ्रँकी उचलली की क्षणभर वाटतं आत काही घालायचं राहिलंय का, पण तिचं रिसीव्हर (नळीमागची यंत्रणेची पेटी) अ‍ॅलॉयचं आहे, लोहचुंबक लावला तर चिकटत नाही. ब्राउनिंगच्या तिन्ही आणि रेमिंग्टनला मात्र खाटकन चिकटतो, ‘लाइट’ असो नाहीतर ‘स्वीट’, पोलादच. बरेच जण लाइट ट्वेल्व्ह म्हणजे अ‍ॅलॉय समजतात, विकणारेसुद्धा, म्हणून मुद्दाम लिहितोय.

मग प्रश्न आला की स्टँडर्ड आणि लाइटमधले हे ४२० ग्रॅम नेमके गेले कुठे. इथे खरी मजा. या दोघींच्या पावणेतीन इंची चेंबरच्या नळ्या एकमेकींना बसतात (मॅग्नमची, म्हणजे लांब काडतुसांची, नळी बसवायच्या भानगडीत पडू नका, आणि रेमिंग्टनची नळी बेल्जियमवालीला फिटिंग केल्याशिवाय जात नाही). लाइटची नळी स्टँडर्डवर चढवली, वजन आलं ३.५९, म्हणजे १८० ग्रॅम नुसत्या नळीत, आणि तेही लाइटच्या नळीवर रिब असताना. दोन इंच लांबीचा फरक त्यात आहे हे मान्य. दस्ता आणि फोरएंड (नळीखालचं पुढचं लाकूड) काढून वेगळे तोलले तर लाकडात जेमतेम ४० ग्रॅमचा फरक. राहिलेले दोनशे रिसीव्हर आणि आतल्या सामानात.

लाकडातला फरक इतका कमी का, हे डोक्यात घोळत होतं, आणि उत्तर मित्राच्या लाइट ट्वेल्व्हने दिलं. त्याचीही २८ इंची व्हेंट रिबच, पण काट्यावर आली ३.२२! एकाच मॉडेलच्या दोन बंदुकांत १३० ग्रॅम. दोन्ही शेजारी ठेवल्या तेव्हा ट्यूब पेटली, माझ्या दस्त्याला आधीच्या कुठल्यातरी मालकाने टोक कापून जाडजूड रबरी रिकॉइल पॅड लावलंय आणि मी दीड वर्ष ते ओरिजिनल समजत होतो. काढून तोललं, स्क्रूसकट ११० ग्रॅम. मूळची बट प्लेट (दस्त्याच्या टोकाची पातळ पट्टी) त्यामानाने काहीच नाही. म्हणजे माझी लाइट ट्वेल्व्ह मुळात बरीच लाइट होती, मीच तिला जड म्हणून नावं ठेवत होतो.

आता हे बघा, मित्राची लाइट ट्वेल्व्ह ३.२२ आणि माझी स्वीट सिक्स्टीन ३.१२. शंभर ग्रॅम! एवढ्या शंभर ग्रॅमसाठी लोक सिक्स्टीनला किती जास्त पैसे मोजतात ते तुम्हाला माहितीच आहे, मीही मोजलेत. पण हातात घेतल्यावर ती शंभर ग्रॅमपेक्षा कितीतरी जास्त हलकी वाटते हेही खरं, कारण रिसीव्हर बारीक, फोरएंड बारीक, आणि मुठीत सगळं बसतं. काट्याला हे कळत नाही. म्हणून झाडूच्या दांड्यावर आडव्या ठेवून प्रत्येकीचा तोल कुठे येतो त्याची खूण केली. स्टँडर्डचा तोल लाइटपेक्षा तब्बल चार सेंटीमीटर पुढे, नळीकडे. क्लेवर, म्हणजे हवेत उडवलेल्या चकत्यांवर, नेम धरताना तो पुढचा जडपणा मला उलट आवडतो, एकदा फिरायला लागली की थांबत नाही, लाइट मात्र मी मध्येच थांबवतो आणि बार चकतीच्या मागे जातो. दिवसभर रानात फिरायचं तर अर्थात उलटं.

एक गोष्ट मात्र नुसत्या वजनाची नाही. ऑटो-५ मध्ये बार उडाला की नळी आणि बोल्ट एकमेकांत अडकलेले राहून सगळेच्या सगळे मागे येतात, काडतुसाच्या लांबीपेक्षा जास्त. त्यामुळे खांद्याला दोन धक्के लागल्यासारखं वाटतं. हे सगळं आवरायला मॅगझिन ट्यूबवर स्प्रिंग, ब्राँझचा फ्रिक्शन पीस आणि एक स्टीलची रिंग. जड काडतुसाला रिंग स्प्रिंगच्या पुढे, तिची तिरकी कड फ्रिक्शन पीसकडे, हलक्या काडतुसाला तीच रिंग काढून स्प्रिंगच्या मागे रिसीव्हरला टेकवून. मी ज्याच्याकडून मॉडेल ११ घेतली त्याने ‘एकदम टकाटक’ म्हणून दिली, घरी फोरएंड उघडला तर रिंग हलक्या सेटिंगवर आणि ट्यूब तेलाने थबथबलेली, फोरएंडच्या आतून केसासारखी चीर. जड काडतुसं तशीच उडवली असणार. तेल पुसलं, रिंग जागेवर, चीर इपॉक्सीने भरून रबर बँडा बांधून दोन दिवस ठेवली. एपॉक्सीचं वजन नाही केलं, एवढाही वेडा नाही.

जाता जाता, जुनी सिक्स्टीन घेणाऱ्यांनी चेंबर मोजल्याशिवाय काडतूस घालू नका. युद्धाआधीच्या बेल्जियमवाल्या सोळा बोअर ६५ मिलिमीटर चेंबरच्या, आत्ताची काडतुसं ७० ची. माझी १९५७ ची आहे, तरी गेज घालून बघितलंच.

पुढे काय, तर माझ्या लाइटचं पॅड काढून जुन्या लांबीचा अक्रोडाचा दस्ता शोधतोय, मिळाला की परत काटा. वीस बोअरची लाइट ट्वेंटी अजून हाताला लागलेली नाही, कोणाकडे असेल तर साखरेवर तपासलेल्या काट्यावर तोलून सांगा, नळीची लांबी, रिब आहे का नाही आणि दस्त्याला पॅड आहे का हे तिन्ही लिहा, नाहीतर नुसत्या आकड्याचा काही उपयोग नाही. फ्रँकी उद्या परत द्यायचीये. तिने २५ क्लेनंतर खांद्याचा जो रंग केलाय त्यावरून ती परत देताना फार वाईट वाटणार नाहीये.