जुन्या कॅम्पर व्हॅनमधला गॅस: हीटर, फ्रिज आणि शेगडी मार्गी लावताना

तक्रारी तीन होत्या. हीटर पेटायचा, पण नॉब सोडला की विझायचा. फ्रिज विजेवर छान थंड व्हायचा, गॅसवर मात्र पेटतच नव्हता. आणि शेगडीचा एक बर्नर लावला की ठीक, दुसरा लावला की दोन्ही मलूल. पंचवीस वर्षं जुन्या गाडीत पहिला हात हीटरच्या स्क्रूकडे जातो. मी सुरुवात केली ती तिसऱ्या तक्रारीपासून, कारण ती सगळ्यात क्षुल्लक दिसत असली तरी सगळ्यात जास्त बोलते. तिन्ही उपकरणं एकाच रेग्युलेटरवर जगतात. दोन बर्नरना गॅस पुरत नसेल, तर हीटरबद्दल काहीही ठरवणं घाईचं.

त्याआधी सुरक्षेचं. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, प्रोपेन साधारण दीडपट आणि ब्युटेन दुप्पट. गळला की तो जमिनीवर साचतो. म्हणून सिलिंडरच्या कपाटाच्या तळाला आणि गाडीच्या फरशीला भोकं ठेवलेली असतात. माझ्याकडच्या दोन भोकांवर चटई होती आणि तिसरं चिखलाने बुजलं होतं. गॅसचा अलार्म फरशीजवळ हवा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वेगळा, झोपल्यावर डोकं असतं त्या उंचीला. हा दुसरा अलार्म चालू नसताना हीटर तपासायला घेऊच नये. अनेक देशांत गॅसच्या पाइपचं काम परवानाधारकानेच करायचं असतं. तिथे मोजमाप आपण करावं, पाना त्याच्या हातात द्यावा.

गळती शोधायला भांडी घासायच्या साबणाचं दाट पाणी आणि ब्रश पुरतो. साबणात अमोनिया नसावा, त्याने पितळ तडकतं. मोठी गळती फेस उडवून लावते, ती लगेच दिसते. फसवते ती बारीक गळती. तिथे मिनिटभराने मोहरीएवढ्या बुडबुड्यांचा पुंजका उगवतो, त्यामुळे ब्रश फिरवून पुढे पळायचं नाही. असा पुंजका मला फ्रिजच्या नळाच्या सांध्यावर सापडला. नट आवळताना दोन पाने लागतात, एकाने नळ धरायचा आणि दुसऱ्याने नट फिरवायचा. एकच पाना लावला की तांब्याची नळी पिळवटते. एक अष्टमांश फेरा दिल्यावर बुडबुडे थांबले. थांबले नसते तर नळीचं टोक कापून नवी रिंग (नटाखाली नळीवर दाबून बसणारा धातूचा छल्ला) घातली असती, कारण जास्त आवळून रिंग सुधारत नाही. टेफ्लॉन टेप इथे लावू नये. हा सांधा धातूवर धातू दाबून बंद होतो. टेपचा उपयोग शून्य, आणि तिचे तुकडे पुढे जाऊन जेटमध्ये, म्हणजे बर्नरला गॅस सोडणाऱ्या बारीक भोकात, बसतात.

आता दाब. महागडा मीटर लागत नाही. दोन मीटर पारदर्शक नळी फळीवर यू आकारात बांधली, अर्ध्यापर्यंत रंगीत पाणी भरलं, एक टोक टेस्ट पॉइंटला (पाइपवरची दाब मोजायची तोटी) जोडलं आणि दुसरं उघडं ठेवलं. एक मिलिबार म्हणजे पाण्याच्या दोन पातळ्यांमध्ये १०.२ मिमी फरक, म्हणजे ३० मिलिबारला ३०६ मिमी. इथे हमखास चूक होते. पाणी एका बाजूला १५३ मिमी उतरतं आणि दुसऱ्या बाजूला तेवढंच चढतं. एकच बाजू मोजणाऱ्याला दाब निम्मा दिसतो आणि चांगला रेग्युलेटर कचऱ्यात जातो.

हवे होते ३० च्या आसपास. माझे आकडे असे आले: सगळं बंद असताना ३३ मिलिबार, एका बर्नरवर ३०, दोन बर्नरवर २४, आणि सोबत हीटरचा नॉब दाबून धरला की १७. बंद असतानाचा आकडा निर्दोष होता, हे लक्षात घ्या. गॅस वाहत नसेल तेव्हा चोंदलेली वाटही पूर्ण दाब दाखवते. म्हणून माप नेहमी सगळी उपकरणं चालू ठेवून घ्यायचं. मग तेच माप रेग्युलेटरच्या अगदी जवळ घेतलं. तिथेही दाब तितकाच पडत होता, म्हणजे दोष पुढच्या नळीत नव्हता. दोष सिलिंडर, होज (सिलिंडर ते रेग्युलेटर ही लवचीक नळी) किंवा रेग्युलेटर या तिघांत होता. सिलिंडर बदलून काही फरक पडला नाही. थंडीत हे आधी करून बघावं, कारण ब्युटेनचा उत्कलनबिंदू उणे अर्धा अंश आहे आणि प्रोपेनचा उणे ४२. गारठ्यात ब्युटेनचा सिलिंडर हाताला जड लागतो आणि बर्नरला मात्र काही पोचत नाही.

रेग्युलेटर काढला तर तोंडाशी पिवळसर, चिकट तेल होतं. रबरी होजमधले द्रव्य आणि गॅससोबत येणारे जड अंश यांचा तो चिकटा. रेग्युलेटर सिलिंडरच्या व्हॉल्व्हपेक्षा खाली बसवलेला असला की हा सगळा चिकटा त्यातच उतरतो. रेग्युलेटर धुऊन परत लावायचा नसतो. नवा रेग्युलेटर आणि नवी होज घेतली. रेग्युलेटर कपाटाच्या वरच्या भागात असा बसवला की होजचा उतार सिलिंडरकडे यावा. दोन्हींवर बनवल्याची तारीख असते, आणि दहा वर्षं झाली की कुरकुर न करता बदलावं.

कितीचा रेग्युलेटर घ्यायचा, हे दुकानदाराला विचारू नका, उपकरणाच्या पाटीवर वाचा. युरोपातल्या नव्या गाड्या ३० मिलिबारवर चालतात. जुन्यांमध्ये ५० मिलिबार किंवा ब्युटेनला २८ आणि प्रोपेनला ३७ अशी जोडी सापडते. अमेरिकन गाड्यांत ११ इंच पाणी लिहिलेलं असतं, म्हणजे सुमारे २७.४ मिलिबार. पन्नासच्या हीटरला तीसचा रेग्युलेटर लावला की ज्योत थर्मोकपलपर्यंत (ज्योतीने तापून किंचित वीज देणारी सळई) नीट पोचत नाही, आणि माणूस थर्मोकपल बदलत बसतो. उलटं केलं तर ज्योत पिवळी होते, काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. ती चूक जिवावर बेतते.

नव्या जोडणीवर सगळं एकदम चालू असताना २९ मिलिबार राहिले. शेगडीचा प्रश्न तिथेच मिटला. हीटर मात्र अजून विझत होता.

नॉब दाबून धरल्यावर पायलट, म्हणजे छोटी सुरुवातीची ज्योत, जळते आणि थर्मोकपलचं टोक तापतं. त्यातून निघणारी वीज एका छोट्या चुंबकाला धरून ठेवते, आणि ते चुंबक व्हॉल्व्ह उघडा ठेवतं. वीज किती? न जोडता मोजली तर २० ते ३० मिलिव्होल्ट, म्हणजे व्होल्टचे हजारांश. हा आकडा लक्षात राहिला की अर्धं निदान झालंच. एवढीशी वीज अडवायला एखाद्या सांध्यावरचा गंजाचा पापुद्रासुद्धा पुरतो. थर्मोकपलचं मागचं टोक व्हॉल्व्हमधून सोडवलं, मल्टिमीटर मिलिव्होल्टवर लावला, जोडीदाराला नॉब दाबून ज्योत धरायला सांगितलं. अर्ध्या मिनिटात २४ आले. म्हणजे थर्मोकपल ठणठणीत. मग वीज जात कुठे होती? नट सैल होता आणि टोकाची टिकली काळी पडली होती. कोऱ्या कागदावर घासून ती चकचकीत केली (सँडपेपर नको, चरे पडतात), नट बोटांनी घट्ट केला आणि पान्याने फक्त पाव फेरा दिला. जोर लावला तर आतला इन्सुलेशनचा वॉशर चिरडतो, शॉर्ट होतो, आणि चांगलं थर्मोकपल आपल्याच हाताने मरतं. काही हीटरमध्ये याच मार्गात जास्त तापल्यावर बंद करणारा स्विचही असतो. त्याच्या पिनाही तशाच पुसाव्यात. थर्मोकपलच्या टोकाचा वरचा सेंटिमीटरभर भाग ज्योतीत बुडालेला हवा.

हीटरचा सीलबंद ज्वलनकक्ष मी उघडला नाही आणि कुणीही घरी उघडू नये. धुराडं मात्र आरसा आणि टॉर्च घेऊन पूर्ण लांबी तपासलं. ते सतत चढतं हवं. कुठे झोळ पडला की तिथे पाणी साचतं आणि वाट बंद होते. एका वळणावर नळीला बारीक भोक होतं. टेपने झाकलं नाही, नळी टोकापासून टोकापर्यंत नवी घातली, क्लॅम्प आणि सीलही नवे. बाहेरच्या टोपीवरचं झाकण काढलंय का, हेही बघा. हसू नका, कित्येक हीटर त्यानेच विझतात.

फ्रिजचं निदान बसल्या जागी होतं. विजेवर थंड होतो म्हणजे शीतकयंत्रणा शाबूत, आणि दोष फक्त बर्नरचा. तो कशावरच थंड झाला नसता तर आधी गाडी समतल करून पाहिली असती, कारण कॉम्प्रेसरऐवजी उष्णतेवर चालणारे हे फ्रिज तीन-चार अंशांच्या कलालाही रुसतात. मागे पिवळी पूड आणि अमोनियाचा वास असेल तर यंत्रणा फुटलेली, तिथे खर्च करू नये. बाहेरची जाळी काढल्यावर बर्नरवर गंजाचे पापुद्रे दिसले. ते वरच्या धुराड्यातून गळतात. धुराड्यात तारेला टांगलेली पिळाची पट्टी असते. ती काढण्याआधी तार किती लांब लटकते ते मोजून ठेवलं, कारण पट्टी खाली आली तर ज्योत गुदमरते आणि वर गेली तर उष्णता वाया जाते. बर्नर काढून घेतला, मग ब्रश वरून खाली घातला. हवा मिसळण्याच्या नळीत कोळ्याचं जाळं होतं, ते मऊ ब्रशने काढलं.

जेटमध्ये सुई घालू नका. भोक इतकं बारीक असतं की सुईने त्याचा आकार बदलतो आणि ज्योत कायमची पिवळी होते. स्पिरिटमध्ये दोन तास बुडवून ठेवला, उलट बाजूने हवा मारली आणि उजेडासमोर धरला. दिसायला हवा तो स्वच्छ, गोल ठिपका. आधी तो अर्धचंद्र दिसत होता. ठिणगीच्या पिनेचं अंतर ३ ते ५ मिमी ठेवलं आणि अंधार करून बटण दाबलं. ठिणगी बर्नरवर न पडता पिनेच्या चिनी मातीच्या कवचातल्या तड्यातून बाजूला उडत असेल तर ती अंधारातच दिसते.

पहिल्यांदा पेटवताना पाइपमध्ये हवा असते, आणि एवढ्याशा जेटमधून ती निघायला वेळ लागतो. आधी शेगडी पेटवून ती हवा काढली, मग फ्रिजचा नॉब. पेटला नाही तर दोन मिनिटं थांबून पुन्हा. छोटी निळी ज्योत धरली. थंडावा जाणवायला सहा तास द्यावेत. खरा अंदाज दुसऱ्या दिवशीच.

शेवटी दाब टिकतो का ते पाहिलं. सिलिंडर बंद केला आणि एक बर्नर जाळून पाण्याचा फरक २५० मिमीपर्यंत उतरवला. हे केलं नाही तर होजमध्ये अडकलेला जास्त दाबाचा गॅस रेग्युलेटरमधून झिरपत राहतो आणि बारीक गळती झाकतो. पाच मिनिटं स्थिर होऊ दिलं, पुढची पाच मिनिटं खुणेवर नजर ठेवली. पहिल्या वेळी पाणी चार मिमी चढलं, कारण पाइपवर ऊन आलं होतं. गाडी सावलीत घेऊन पुन्हा केलं तेव्हा खूण हलली नाही.