देवमाशाच्या माहेरी: भुज, हरुडी, लखपत

देवमासे बघायला आपल्याकडची मंडळी श्रीलंकेत मिरिस्साला जातात. आम्ही या हिवाळ्यात पश्चिम कच्छला गेलो. तिथल्या ज्या माळावर आम्ही थांबलो तिथे आज समुद्र नाही, ओढ्यांना पाणीही नसतं. पण सुमारे 4.2 कोटी वर्षांपूर्वी इथे टेथिस या प्राचीन समुद्राचा उथळ, उबदार किनारा होता आणि देवमाशांचे पूर्वज याच किनाऱ्यावर जमिनीचा नाद सोडत होते. रणोत्सवाला जाणाऱ्या मराठी पर्यटकांची संख्या मोठी आहे. त्यातल्या थोड्यांनी तरी पांढरं रण बघून झाल्यावर गाडी पश्चिमेला वळवावी, म्हणून हे लिहितो आहे.

मुंबईहून भुजला कच्छ एक्स्प्रेस आणि सयाजीनगरी एक्स्प्रेस आहेत, विमानही आहे. पुढे स्वतःची किंवा भाड्याची गाडी हवीच. भुज, नखत्राणा, माता नो मढ, घडुली असा रस्ता आहे आणि लखपतपर्यंत साधारण 135 किलोमीटर होतात. रस्ता चांगला आहे. भुजच्या ड्रायव्हरांना लखपतचा किल्ला आणि नारायण सरोवर पाठ असतं, पण हरुडीचं नाव काढलं की ते विचारात पडतात. गाडी ठरवतानाच सांगून टाका की आडरस्त्याला वळायचं आहे आणि ओढ्याकाठी तास-दोन तास थांबायचं आहे. नाहीतर ऐन वेळी घासाघीस होते.

हरुडी हे लखपत तालुक्यातलं लहानसं गाव. भूवैज्ञानिकांच्या जगात मात्र त्याचं नाव मोठं आहे, कारण इथल्या खडकांच्या थरालाच 'हरुडी फॉर्मेशन' म्हणतात. जीवाश्मांचे अभ्यासक अशोक साहनी आणि व्ही. पी. मिश्रा यांनी 1972 आणि 1975 साली कच्छमधल्या या थरांतल्या प्राचीन देवमाशांचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्यातल्या एकाला तर गावाचंच नाव आहे: रेमिंग्टनोसेटस हरुडिएन्सिस. पुढे सुनील बाजपेयी आणि हान्स थेविसन या जीवाश्म-संशोधकांनी गोधातड, बाबिया टेकडी, पानंध्रो अशा आसपासच्या ठिकाणांहून आणखी हाडं मिळवली. 2000 साली त्यांनी कच्छिसेटस या प्राण्याला नाव दिलं. त्या काळातल्या देवमाशांत तो सगळ्यांत लहान होता. अंगानं पाणमांजराच्या जातीतला वाटावा असा, चार पायांचा, लांब आणि दणकट शेपटीचा.

हरुडीच्या ओढ्याच्या काठावर उभं राहिलं की आधी दिसते ती पिवळट-तपकिरी चिकणमाती, आणि तिच्यात उन्हात चमकणारे जिप्समचे तुकडे. वरच्या अंगाला चॉकलेटी रंगाचा चुनखडकाचा पट्टा आहे. बरीचशी हाडं त्यातच सापडलेली आहेत. पायाखाली शिंपल्यांचा खच. आणि जागोजागी गोल, चपट्या, बोटाच्या पेराएवढ्या चकत्या. या न्युम्युलाइट. भिंगातून बघितलं तर फुटलेल्या चकतीच्या आत एकामागून एक वळसे घेत गेलेल्या बारीक खोल्या दिसतात. एवढं सगळं कवच एकाच पेशीच्या जिवानं बांधलेलं! समुद्राच्या तळावर ते लाखोंनी साचले आणि त्यांचाच खडक झाला. त्यातली एक चकती तळहातावर घेऊन मी बराच वेळ तिथे बसलो. ही जिवंत असताना तिच्या वरून रेमिंग्टनोसेटस पोहत गेला असेल, हे केवळ कल्पनेतलं नाही. तो आणि ही एकाच थरात सापडतात.

देवमाशाची हाडं तुम्हाला तिथे दिसतील असं मी अजिबात म्हणणार नाही. जायच्या आधी थोडं वाचून जा, नाहीतर तो नुसता उघडा माळ वाटेल. वाचायचं असेल तर देवमाशाच्या कानाबद्दल वाचा. त्याच्या सगळ्या प्रवासाची नोंद कानात आहे.

सुरुवात जम्मू-काश्मीरची. ओएनजीसीत काम केलेले भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी कालाकोटजवळून दगड गोळा करून ठेवले होते. त्यांच्या निधनानंतर ते त्यांच्या पत्नीकडून थेविसन यांच्याकडे गेले. दगड साफ करताना एका कवटीचं कानाचं हाड तुटलं आणि आतली जाड कड उघडी पडली. अशी कड तोवर फक्त देवमाशांत माहीत होती. हा प्राणी म्हणजे इंडोहायस, सुमारे 4.8 कोटी वर्षांपूर्वीचा, खूर असलेला, लहानखुरा. देवमाशाच्या सगळ्यांत जवळचा जमिनीवरचा नातेवाईक तो, हे 2007 साली जाहीर झालं. त्याची पायाची हाडंही जाड आणि जड होती, म्हणजे तो पाण्यात तळ धरून चालत असावा.

मग कच्छ. रेमिंग्टनोसेटसचे डोळे बारीक होते, थुतरी लांब, आणि खालच्या जबड्यात मागे मोठी पोकळी. आजच्या दातवाल्या देवमाशांत या पोकळीत चरबी असते आणि पाण्यातला आवाज तिच्यातूनच कानापर्यंत पोचतो. नाकपुड्या मात्र अजून तोंडाच्या टोकाशीच होत्या, डोक्यावर सरकायच्या होत्या. आतल्या कानात तोल सांभाळणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. 2002 साली संशोधकांनी कच्छच्या प्राण्यांतल्या या नलिका मोजल्या तेव्हा त्या शरीराच्या मानानं फारच लहान निघाल्या. निळ्या देवमाशाच्या नलिका तर माणसाच्या नलिकांहूनही लहान असतात. जमिनीवर चपळाईनं धावणं, उड्या मारणं याला लागणारं इंद्रिय पाय जायच्या कितीतरी आधीच आक्रसलं होतं. माझ्या मते या सगळ्या कहाणीतला निर्णायक क्षण हाच. पाय अजून होते, पण परतीचा रस्ता कानानं बंद केला होता. नोव्हेंबर 2023 मध्ये गणपतीपुळ्याच्या वाळूत देवमाशाचं पिल्लू अडकलं आणि त्याला पाण्यात ढकलण्यासाठी माणसांची धडपड चालली होती, ते आठवा. पाण्यानं पेललेलं ते अंग वाळूत स्वतःच्याच वजनाखाली दबतं.

वय कळतं तेही कानातूनच. निळा देवमासा, फिन व्हेल यांच्या कानात मेणाचा लांब बोळा साचत जातो. भरपूर खाण्याच्या दिवसांत फिकट थर, उपवासाच्या दिवसांत गडद. थर मोजले की वय हाती येतं. निळा देवमासा 80-90 वर्षं जगतो. आर्क्टिकमधल्या बोहेड देवमाशांचं वय मात्र डोळ्याच्या भिंगातल्या रासायनिक बदलावरून काढलं, आणि एकाचं 211 आलं. 2007 साली अलास्कात मारलेल्या एका बोहेडच्या मानेत तर 1880 च्या सुमाराचं स्फोटक भाल्याचं टोक रुतलेलं सापडलं. अवाढव्य शरीर, थंड पाणी, संथ वाढ आणि पेशींतल्या डीएनएची चोख दुरुस्ती, या सगळ्यांचा त्या आयुष्यात वाटा असावा. पाणमांजराएवढ्या जिवाच्या कुळात हे आयुष्य आलं, ते पाण्यात गेल्यानंतर.

आता कामाचं. नोव्हेंबर ते फेब्रुवारीच जा, उन्हाळ्यात तिथे उभं राहवत नाही. ओढ्यावर सकाळी किंवा चारनंतर जा. तिरप्या उन्हात जीवाश्म उठून दिसतात, दुपारी सगळं सपाट होतं. पाऊस पडून गेल्यावर दोन दिवस ती चिकणमाती टाळा. घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट हवेतच, कारण हा फुरशांचा मुलूख आहे. दगड हातानं उलथू नका आणि कपारीत बोटं घालू नका. मोठं रुग्णालय भुजलाच आहे, हे लक्षात ठेवा.

काही भाग नारायण सरोवर अभयारण्यात येतो, तेव्हा रस्ता सोडण्याआधी वनखात्याकडे विचारा. पानंध्रोच्या लिग्नाइट खाणीत परवानगीशिवाय जाता येत नाही. (तिथेच 4.7 कोटी वर्षांपूर्वीचा अजस्र साप वासुकी इंडिकस सापडला, 2024 साली त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं.) सीमा जवळ असल्यानं ओळखपत्र जवळ ठेवा, ड्रोन घरी ठेवा.

आणि कृपा करून काहीही उचलून आणू नका. हाड कुठल्या थरात होतं हे हरवलं की त्याची किंमत संपते. हाडासारखं काही दिसलंच तर शेजारी पट्टी किंवा पेन ठेवून फोटो काढा, फोनवर जागेची नोंद करा आणि भुजच्या कच्छ विद्यापीठातल्या भूविज्ञान विभागाला कळवा.

मुक्कामाला नारायण सरोवराला धर्मशाळा आहेत. लखपतच्या गुरुद्वारात लंगर मिळतो, राहायची सोयही होते. डोकं झाकायला रुमाल न्या. पेट्रोल, पाणी आणि रोख पैसे नखत्राण्यालाच भरून घ्या. नकाशा आधीच फोनवर उतरवून ठेवा, पुढे रेंज मधूनमधूनच येते.