रांजणखळगे, राजापूरची गंगा आणि बहकणारी होकायंत्राची सुई

महाराष्ट्रातल्या रस्त्याकडेच्या नवलाच्या जागा बघायला निघालेल्यांचा हिरमोड बहुतेक वेळा ऋतू चुकल्यामुळे होतो. भर पावसात रांजणखळगे बघायला निघोज गाठलं, तर नुसती गढूळ नदी दिसते. डिसेंबरात नाणेघाटात उलटा धबधबा शोधून सापडत नाही. कुठे काय आहे हे सगळ्यांना माहीत असतं, कधी जायचं हे मात्र क्वचितच कुणी सांगतं.

निघोजला जायला पुणे-अहिल्यानगर रस्त्यावर शिरूरहून आत वळायचं. कुकडी नदीच्या एका काठाला पारनेर तालुक्यातलं निघोज, दुसऱ्या काठाला शिरूर तालुक्यातलं टाकळी हाजी. दोन्ही काठांवर मळगंगा देवीची देवळं आणि मधे झुलता पूल. यात्रेच्या दिवशी गावातल्या बारवेतून पाण्याची घागर आपोआप वर येते, अशी इथली श्रद्धा आहे. नदीपात्रातल्या कातळात पडलेले रांजणासारखे खोल खळगेही देवीचेच मानले जातात आणि लोक त्या जागेला कुंड म्हणतात.

हे खळगे घडतात ते पुराच्या पाण्याने. काळ्या बेसाल्टच्या भेगेत आधी छोटा खड्डा पडतो. पुरात त्यात गोटे अडकतात, भोवऱ्याबरोबर गरागरा फिरतात आणि तळ व कडा घासत राहतात. शेजारशेजारचे खड्डे रुंदावले की मधली भिंत झिजून पडते आणि दोन रांजणांचा एक होतो. कोरड्या खळग्याच्या तळाशी पाहा, तिथे गुळगुळीत गोटे पडलेले असतात. हीच पुराच्या पाण्याची हत्यारं. अर्धवट फुटलेल्या भिंती शोधल्या, तर ही सगळी प्रक्रिया टप्प्याटप्प्याने डोळ्यांसमोर दिसते.

जानेवारी ते मे हा काळ उत्तम. सकाळी लवकर किंवा चारनंतर जा. तिरप्या उन्हात खोली कळते, दुपारी मात्र दगड चटके देतो आणि फोटोही सपाट येतात. रबरी तळव्याचे बूट हवेत. खळग्याच्या कडा आतल्या बाजूला उतरत्या आणि घोटीव असतात, त्यामुळे आत घसरलेल्या माणसाला हाताला धरायला काही मिळत नाही. पाणी भरलेल्या खळग्यात पोहायला अजिबात उतरू नका. नदीच्या वरच्या अंगाला येडगावचं धरण आहे, तेव्हा पाणी सोडलंय का हे गावात विचारूनच पात्रात पाऊल टाका.

नाणेघाटाचं गणित नेमकं उलटं. तिथे जोराचा पाऊस आणि जोराचा वारा दोन्ही लागतात, म्हणजे जुलै-ऑगस्ट. कोकणातून येणारा वारा उभ्या कड्यावर आदळून वर चढतो आणि पडणारं पाणी माघारी फेकतो. वारा पडला की धबधबा सरळ कोसळू लागतो. अशा वेळी थोडं थांबायचं, पण कड्याच्या टोकापासून लांब, कारण झोताचा भरवसा नसतो. नाना आणि गुणा या दोघांनी पैज लावून घाट खोदायला घेतले आणि नानाचा आधी झाला, ही इथली गोष्ट. जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण आणि सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख असलेली लेणी न बघता परतू नका. लेखातले जुने अंक मुद्दाम शोधा.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या राजापूरची गंगा हा झरा मात्र ऋतूही पाळत नाही. साधारण तीन वर्षांनी, बहुतेकदा उन्हाळ्यात ती अचानक प्रकटते, काही आठवडे किंवा महिने वाहते आणि गुप्त होते. कधी नेम चुकवते. गंगाजी साळुंखे नावाच्या वारकरी शेतकऱ्याला म्हातारपणी पंढरीची वारी झेपेना, म्हणून गंगाच त्याच्या शेतात आली, अशी कथा सांगतात. कारण म्हणून नैसर्गिक वक्रनलिकेची उपपत्ती मांडली जाते: जमिनीखालच्या पोकळीत पाणी साठत जातं, वाकड्या वाटेच्या माथ्यापर्यंत पोचलं की एकदम वाहू लागतं आणि पातळी उतरून हवा शिरली की थांबतं. गंगा येणं-जाणं इतकं अचानक का, हे त्यातून पटतं.

निघण्याआधी गंगा आली आहे का, याची खात्री राजापुरात कुणाकडून तरी करून घ्या. नसेल तर चौदा कुंडं पाहायला मिळतील, पण कोरडी. आली असेल तर प्रत्येक कुंडात हात घालून पाहा, पाण्याच्या उष्णतेत फरक जाणवतो. जवळच्या उन्हाळे गावातल्या गरम झऱ्यावर आधी अंघोळ करून मग गंगेवर जाण्याची रीत आहे. रेल्वेने आलात तर राजापूर रोड स्थानक गावापासून बरंच लांब पडतं, पुढच्या वाहनाची सोय आधीच करा.

याच तालुक्यात देवाचे गोठणे इथल्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, जमिनीत कोरलेलं मनुष्याकृती कातळशिल्प आहे. त्यावर होकायंत्र ठेवलं की सुई बहकते. द्रव भरलेलं साधं होकायंत्र न्या. आधी शिल्पापासून बरंच लांब उत्तर दिशा पाहून घ्या, दूरच्या एखाद्या झाडाची खूण धरा, मग आकृतीवर वेगवेगळ्या जागी ठेवून फरक नोंदवा. खिशातल्या किल्ल्या, मोबाइल आणि त्याचं चुंबकाचं कव्हर दूर ठेवा, नाहीतर सुई त्यांनीच हलेल. रेषा उठून दिसाव्यात म्हणून खडू, रांगोळी किंवा रंग भरू नका, जांभ्याच्या छिद्रांत ते बसतं आणि घासून काढताना कडा झिजते. सकाळचं कोवळं ऊन पुरेसं असतं. चपला काढून, रेषांच्या बाहेरून चाला.